सहाच्या घरातले ठिपके

दिनकररावांनी कमलच्या कागदावर चहाची बशी ठेवली, तेव्हाच कस्तुराबाईंचं डोकं फिरलं होतं.

बशी काही चुकून ठेवलेली नव्हती. कचेरीतल्या टेबलावर म्हणाल तेवढी जागा होती. पण धाकट्या दिराची ही खोड जुनी. ज्याचं ऐकायचं नाही त्याच्या वस्तूवर आपली एखादी वस्तू ठेवून मोकळं व्हायचं. नवरा व्यंकटराव गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या खुर्चीवर दिनकररावांनी आपली छत्री ठेवली होती. ती छत्री निघाली तेव्हा खुर्चीत स्वतः दिनकरराव बसलेले होते. त्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली, आणि कस्तुराबाई तेव्हाही गप्प बसल्या होत्या. जिनिंगच्या भागीदारीत त्यांच्या नवऱ्याची निम्मी पाती होती. म्हणजे काय, तर दिनकरराव कागद पुढे करायचे आणि कस्तुराबाई त्यावर अंगठा उमटवायच्या.

कागद मात्र बघण्यासारखा होता. कमल त्यांची सून, एकुलत्या एका बन्सीधरची बायको. ताडकळसहून रोज एसटीनं परभणीला जायची आणि कृषी विद्यापीठात पावसाचे आलेख काढायची. सरकारी नोकरी, हात स्वच्छ, डोकं त्याहून स्वच्छ. तिनं दोन वर्षं खपून एक गोष्ट गोळा केली होती. मागच्या सहा हंगामांत जिनिंगमध्ये कुणाकुणाला लागलं, कोणत्या रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, लागलं आणि किती वाजता लागलं. मलमपट्टीची वही फिटर आश्रुबाकडे असायची, ती तिनं उतरवून घेतली. वहीत नव्हतं ते बायांच्या घरी जाऊन विचारलं. मग सगळं एका मोठ्या चौकटीच्या कागदावर मांडलं. उभ्या बाजूला बारा रेचे, आडव्या बाजूला दिवसाचे चोवीस तास, आणि जिथं माणूस जखमी झालं तिथं एक फुली. अशा सदतीस फुल्या होत्या.

"सूनबाई," दिनकरराव बशीतला चहा फुंकत म्हणाले होते, "विद्यापीठात पाऊस मोजता तेवढं बास हाय. हितं मानसं मोजायची गरज न्हाई."

"मामंजी, एकदा बघा तरी. लागायची वेळ एकच हाय."

"मला ठाव हाय येळ. रातच्याला बाया झोपा काढत्यात आन बोटं घालवून बसत्यात. त्याला कागद कशाला पायजे?"

मार्चमध्ये सात नंबरच्या रेच्यावरच्या कडूबाईची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. झोपली होती, असं म्हणून दिनकररावांनी तिला कामावरून काढलं. कडूबाईनं हातापाया पडून सांगितलं की मी जागी होते. ऐकतो कोण? बन्सीधर तिथंच उभा होता आणि त्यानं जमिनीकडे बघितलं. कागदाच्या वेळीही त्यानं तेच केलं. बशी उचलली तेव्हा कागदावर चहाचा गोल डाग पडला होता, आणि कस्तुराबाईंना वाटलं, तो डाग आपल्या लेकाच्या तोंडावर पडलाय.

त्याचं कारण होतं. यंदाच्या खंडेनवमीला जिनिंगचा दांडा बन्सीधर ओढणार होता.

टाकळकरांच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. बाराही रेचे एका लांब पट्ट्यावर फिरायचे. लोखंडी दांडा ओढला की इंजिनाचा पट्टा रिकाम्या चाकावरून कामाच्या चाकावर सरकायचा आणि जिनिंग सुरू व्हायचं. दांडा परत ढकलला की बंद. सासरे आबासाहेबांनी शिरस्ता घालून दिला होता. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची, घरच्या कर्त्या पुरुषानं दांडा ओढायचा, आणि होळीपर्यंत माणसाच्या हातानं तो परत ढकलायचा नाही. इंजिन आपसूक बिघडलं तर तो देवाचा कौल. टाकळकरांचा पट्टा झोपत नाही, असं पूर्णेपासून सोनपेठपर्यंत लोक सांगायचे आणि आबासाहेब मिशीला पीळ द्यायचे. पाळी बदलताना रेच्यांच्या रुळात अडकलेली रुई काढावी लागते, ती चालत्या पट्ट्यावरच काढायची. त्यात काय एवढं? आबासाहेबांनी काढली, त्यांच्या लेकांनी काढली.

आणि याच पट्ट्यात व्यंकटराव गेले होते. पिऊन गेले होते, असं सगळं गाव म्हणायचं. बन्सीधर तेव्हा सतरा वर्षांचा. शाळेत, बाजारात, सोयरीक बघायला गेलं तिथं, दारुड्याचं पोर हे शब्द त्याच्या मागं मागं फिरले. म्हणून तर काकांनी दांडा त्याच्या हाती द्यायचं ठरवलं तेव्हा तो आईपाशी येऊन म्हणाला होता, "बापानं घालवलेलं नाव मी परत आनतो, आई. होळीपत्तर पट्टा थांबला तर नाव सांगनार न्हाई." कस्तुराबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. नवरा त्या पट्ट्यात गेला, आता एकुलता एक लेक त्याच पट्ट्यापाशी पाच महिने उभा राहणार होता.

बशी ठेवली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या भाकरी करायला बसल्या आणि कमलला हाक मारली.

"काल काय दाखवत व्हतीस ते मला दाखव. पन आकडे सांगू नगंस, मला आकडे येत न्हाईत."

कमलनं परातीतलं ज्वारीचं पीठ तळहातानं सपाट केलं. त्यावर बोटानं आडव्या बारा रेघा ओढल्या, उभी घरं पाडली आणि डब्यातली तुरीची डाळ घेऊन एकेक दाणा मांडू लागली. "आत्याबाई, हा एक दाना म्हंजे एक मानूस. हा सोपानच्या आईचा आंगठा. हा कडूबाईचा हात."

दाणे पडत गेले. बरीचशी घरं रिकामी राहिली आणि दोन उभ्या रांगांत मात्र दाणे दाटले. कस्तुराबाई बघतच राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कागदातलं त्यांना काहीतरी कळत होतं.

"आगं, ही तर ठिपक्याची रांगोळी हाय."

"तसंच समजा."

"मग कागद कशाला पायजे? खंडेनवमीला पट्ट्यासमोर रांगोळी तूच काढतीस न्हवं? हीच काढ. पूजा मांडल्यावर कोन पुसतंय बघू."

कमल चमकून बघत राहिली. त्या दोन रांगा कुठल्या वेळेच्या, हे कस्तुराबाईंनी विचारायच्या आत बन्सीधर जेवायला आला आणि त्यांनी परातीत पाणी ओतून पीठ मळायला घेतलं. त्या दिवशीच्या भाकरीत तुरीची डाळ निघाली. बन्सीधरनं ती मुकाट्यानं ताटाच्या कडेला लावली.

*

खंडेनवमीला ऊन चढायच्या आत जिनिंगचं आवार माणसांनी भरलं. हंगामावर यायच्या बाया, गाडीवान, हमाल, सगळे पूजेचा नारळ घ्यायला आले होते. रेच्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, इंजिनावर हळदीचे पट्टे ओढले होते. आणि दांड्यासमोरच्या सारवलेल्या जागेत, मोठं अंगण व्यापून, कमलची रांगोळी पसरली होती.

आकडा एकही नव्हता. बारा आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेच्या तोंडाशी त्या रेच्याचं एक झेंडूचं फूल. वर तास कळायला खुणा मांडलेल्या. सकाळी सहाच्या घरावर सूर्य, दुपारी बाराच्या घरावर भाकरीचा तुकडा, संध्याकाळी सहाच्या घरावर मातीची पणती, मध्यरात्रीच्या घरावर चंद्राची कोर. आत कुंकवाचे सदतीस ठिपके. सूर्याखाली एक लाल पट्टा, पणतीखाली त्याहून जाड लाल पट्टा. चंद्राखाली पांढरं कोरं.

कस्तुराबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, सवाष्णींच्या मागं. विधवेची जागा तीच. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला आणि फाटकाकडे नजर लावली.

दिनकरराव आले ते नव्या फेट्यात, बन्सीधरला बरोबर घेऊन. मागून त्यांची बायको सरजाबाई, हातात पूजेचं ताट. चार पावलं आले आणि थांबले.

"हे काय हाय?"

कमल म्हणाली, "रांगोळी हाय, मामंजी."

"रांगोळी मला कळती. आसली न्हाई कळत."

"सहा हंगामांत आपल्या जिनिंगात ज्यांना लागलं त्यांचे ठिपके हायत. तुमी कागद बघितला न्हाई, म्हनून हितं काढली."

दिनकररावांचं कपाळ तापलेलं लांबून दिसत होतं. त्यांनी आवाज चढवला नाही. चारचौघांत ते कधीच चढवायचे नाहीत, आणि म्हणूनच लोक त्यांना भ्यायचे. "आश्रुबा, पोतं घे आन पुसून काढ. सन हाय आज, तमाशा न्हाई."

म्हातारा आश्रुबा पोतं घेऊन आलाही. पण सरजाबाई ताट घेऊन मधेच उभ्या राहिल्या. आयुष्यभर नवऱ्याच्या शब्दाबाहेर न गेलेली बाई. त्यांना जावेची कड घ्यायची होती अशातला भाग नाही. त्यांना खरोखरच भीती वाटली होती. "आवो, घट बसल्यात घरात. दिवा लावलाय, हळदकुंकू वाह्यलंय. मांडलेली पूजा पुसत्यात का? मागल्या साली गाडीवानाचा पाय रांगोळीला लागला तर तुमीच त्येला फाटकाबाहेर काढलं की."

बायांमध्ये कुजबुज झाली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दिनकररावांनी बायकोकडे रोखून बघितलं. पण आश्रुबाला त्यांनी पुन्हा पुस म्हटलं नाही. कस्तुराबाईंना भिंतीपाशी मनातल्या मनात बरं वाटलं. बसा आता आपल्याच शिरस्त्याला धरून, भावजी.

"ऱ्हाऊ द्या मग," दिनकरराव म्हणाले. "कुनाला काय कळनार हाय त्यातलं? बन्सी, चल. दांड्याला हळद लाव."

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून कडूबाई पुढे आली. कामावरून काढलेली होती, तरी आली होती. उजवा हात पदराखाली होता. ती रांगोळीच्या कडेनं चालत गेली, झेंडूची फुलं मोजत सातव्यापाशी थांबली आणि तिथून बोटानं रेघ धरून पणतीपर्यंत पोचली.

"हा माजा हाय," ती म्हणाली.

पणतीखाली सातव्या रेघेवर दोन ठिपके होते. कमलनं मान हलवली. "वरचा तुमचा, कडूबाई."

"दिवेलागनीला गेली माजी बोटं. मालक, मी तवाच सांगितलं व्हतं तुमाला. झोपायची येळ व्हती का ती? झोपंची येळ ती बगा तिकडं." तिनं हात पदराबाहेर काढला आणि उरलेल्या तीन बोटांनी चंद्राकडे दाखवलं. "तिकडं तर एक टिपका न्हाई."

मग जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. दुसरी एक बाई आली, तिनं तीन नंबरची रेघ धरली आणि म्हणाली, हा माजा. एका हमालानं सूर्याखालचा ठिपका दाखवला, हा माज्या भावाचा. सोपानच्या आईला दिसत नव्हतं म्हणून सोपाननं तिचा ठिपका दाखवला. अक्षर न येणारी माणसं, पण रेघ धरून सरळ आपापल्या जागेवर जाऊन उभी राहत होती. बघता बघता रांगोळीच्या दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा झाल्या, एक सूर्यापाशी, एक पणतीपाशी. रात्रीच्या बाजूला कुणीच नव्हतं.

"मामंजी," कमल म्हणाली. "सदतीसातले एकोनतीस सहाच्या घरात हायत. सकाळचे सहा आन संध्याकाळचे सहा. त्या वेळेला काय व्हतं आपल्याकडं? पाळी बदलती. चालत्या पट्ट्यावर रूळ साफ करायला लावतो आपन. बाकी बावीस तासांत आठ आन या दोन तासांत एकोनतीस. आता सांगा कोन झोपलंय?"

"सूनबाई, तुमचा पगार विद्यापीठ देतंय. जिनिंग मी चालवतो."

"पट्टा पाळी बदलताना थांबवा. एवढंच मागायलेय."

"पट्टा थांबत न्हाई." दिनकररावांनी हे इतक्या सहज म्हटलं, की जणू सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं. "आबासाहेबांनी थांबवला न्हाई, मी थांबवला न्हाई, आन बन्सी बी थांबवनार न्हाई. बन्सी, वढ दांडा."

बन्सीधरनं दांड्यावर हात ठेवला. हळदीनं तळवा पिवळा झालेला. त्यानं एकदा रांगोळीकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"घरी गेल्यावर बोलू आपन," तो हळूच म्हणाला.

"घरी गेल्यावर म्हंजे होळीनंतर," कमल म्हणाली. "एकदा वढला की तुमी थांबवनार न्हाई. मला ठाव हाय तुमी आत्याबाईंना काय सांगितलं ते."

"सगळ्यांसमोर बोलायची ही जागा हाय का?"

"मग कुठली हाय? हापिसात बोलले तर कागदावर बशी ठिवली तुमच्या काकांनी, आन तुमी चपला बघत उभे ऱ्हायलात."

बन्सीधरचं तोंड लाल झालं. कस्तुराबाईंना लेकाचा संताप आला आणि कीवही आली. पोटचा गोळा. पण त्यांची नजर पणतीवर खिळली होती.

परातीतल्या पिठात पणती नव्हती. परातीत नुसते दाणे होते. इथं पणतीखाली लाल रांग होती, आणि त्या रांगेत एक नंबरचं घर मोकळं होतं. कमलनं सहाच हंगाम मांडले होते, त्याच्या आधीचं तिला कुठून ठाऊक असणार? कस्तुराबाईंना मात्र ठाऊक होतं. नवरा गेला त्या दिवशी त्यांनी देवापुढे दिवा लावायला काडी ओढली होती. काडी पेटली होती, वात पेटली नव्हती, आणि फाटकाशी आरडाओरडा झाला. व्यंकटरावांना चौघांनी उचलून आणलं होतं. दिवेलागणीची वेळ. पाळी बदलायची वेळ. अकरा वर्षं ही गोष्ट त्यांच्यासमोर होती आणि त्यांनी ती बघितली नव्हती. लोक म्हणाले प्यायलेला होता, त्यांनीही मान खाली घातली. संध्याकाळी सहाला माणूस पितो का, एवढंसुद्धा स्वतःला विचारलं नव्हतं.

त्या भिंतीपासून निघाल्या. सवाष्णी बाजूला सरल्या.

"आश्रुबा," त्या म्हणाल्या, "तुमी हितं व्हता त्या दिवशी. बन्सीचे वडील गेले तवा."

आश्रुबाच्या हातात अजून पोतं होतं. "व्हतो, बाईसाहेब."

"पेलेले व्हते का ते?"

"वैनी, आज हे काय काढलं तुमी," दिनकरराव मधे पडले.

"भावजी, मी तुमाला इचारलं न्हाई. आश्रुबाला इचारायलेय."

आश्रुबानं मालकाकडे बघितलं, मग समोरच्या दोन रांगांकडे बघितलं. कडूबाईनं तो तीन बोटांचा हात अजून झाकला नव्हता. म्हाताऱ्यानं पोतं खाली टाकलं.

"न्हाई. पेलेले न्हवते. एक नंबरच्या रेच्यात रुई आडकली व्हती. बाया भ्यायल्या म्हनून सोता काढायला वाकले. धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. वरडले, थांबव म्हनून. दोनदा वरडले, बाईसाहेब."

"दांड्यापाशी कोन व्हतं?"

आश्रुबानं नुसतं मालकाकडे बघितलं. सगळं आवार दिनकररावांकडे बघत होतं, आणि पहिल्यांदाच दिनकररावांना हात कुठं ठेवावा हे कळत नव्हतं.

"आबासाहेब समोर उभे व्हते," ते शेवटी म्हणाले. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला. "त्येंच्या समोर मी दांड्याला हात कसा लावनार? मी बगितलं त्येंच्याकडं. त्येंनी मान हालवली, नगं म्हनून. मला वाटलं दादा सुटंल. हिसडा दिऊन सुटंल. मग लय उशीर झाला."

"आन पेलेला व्हता, हे कुनाचं?"

"आबासाहेबच म्हनले. पट्ट्याचं नाव जाऊ द्यायचं न्हाई म्हनले. मेलेल्याला काय फरक पडतोय म्हनले."

कस्तुराबाईंचे कान तापले. त्याच आबासाहेबांना त्यांनी दोन वर्षं अंथरुणात दूधभाकरी कुस्करून भरवली होती. तोंड पुसलं होतं. शेवटच्या दिवसांत म्हातारा त्यांचा हात धरून रडायचा आणि त्यांना वाटायचं, लेकाची आठवण काढून रडतोय.

"मेलेल्याला फरक पडत न्हाई," त्या म्हणाल्या. "जित्याला पडतोय. या पोराला अकरा वर्षं दारुड्याचं पोर म्हनलं लोकांनी. तुमी ऐकलं. याला सोबत घिऊन जेवलात आन ऐकलं. आन आज त्येच्याच हातात दांडा दिला, बापाचं पाप धू म्हनून. कुनाचं पाप, भावजी?"

बन्सीधरचा हात दांड्यावरून निसटला. तो काकांकडे बघत होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तुमी मला न्हाई सांगितलं, काका," तो म्हणाला. एवढंच. पण अठ्ठावीस वर्षांत त्यानं काकांकडे सरळ डोळ्यात बघून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

"शिरस्ता घरापेक्षा मोठा असतो, बन्सी. घर त्याच्यावरच उभं ऱ्हातंय. एकदा थांबवला की रोज थांबवावा लागंल. देवाला काय सांगायचं?"

"एकोनऐंशीला काय सांगितलं व्हतं, मालक?" आश्रुबाला आता थांबवता येत नव्हतं. अकरा वर्षं मिटलेलं तोंड उघडलं होतं. "नामांतराच्या बंदात पोलिसांनी रातपाळी चालू दिली न्हाई. आठ दिस रोज सहाला दांडा ढकलला तुमी, सोताच्या हातानं. मला म्हनलात कुठं बोलायचं न्हाई. काय कोपला देव? त्या आठ दिसांत चिंधी बांदायची पाळी आली न्हाई कुनावर. बगा की, वही हाय माजी."

दिनकररावांनी फेट्याला हात लावला, काढला, पुन्हा लावला.

कस्तुराबाई सरजाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ताटात कुंकवाचा करंडा उघडा होता. अकरा वर्षं त्यांनी त्याला हात लावला नव्हता. घरातल्या करंड्याजवळून जातानासुद्धा पदर सावरून जायच्या. दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. सरजाबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. ताट थोडं पुढं केलं.

कस्तुराबाईंनी अंगठा कुंकवात बुडवला. तोच अंगठा, जो दिनकररावांच्या कागदांवर उमटायचा. मग पांढऱ्या रेघांना पदर लागू न देता त्या रांगोळीच्या कडेनं पणतीपाशी गेल्या, खाली वाकल्या आणि एक नंबरच्या मोकळ्या घरात ठसठशीत लाल ठिपका उमटवला. बायांमधली एक हुंदका देऊन रडली. कस्तुराबाई रडल्या नाहीत. त्यांना रडू येत नव्हतं, त्यांना राग आला होता.

"आडतीस," कमल हळूच म्हणाली.

कस्तुराबाई उठल्या आणि लेकापाशी गेल्या. "वढ."

"आई?"

"वढ दांडा. सन हाय, मानसं कामाला आल्यात. पट्टा चालंल. पन आज सहा वाजता तूच तो ढकलशील. उद्या सकाळी सहाला बी ढकलशील. जमत न्हाई म्हन, म्हंजे मी हितंच बसते आन मी ढकलते. आन भावजी, माजा आंगठा यापुढं कागदावर न्हाई उमटायचा. निम्मी पाती माजी हाय, ते आता तोंडानं सांगनार हाय मी."

बन्सीधरनं दांडा ओढला. पट्टा सरकला, फडफडला आणि बाराही रेचे गरगरायला लागले.

कस्तुराबाई मात्र खरंच तिथं बसल्या. पोत्याची घडी घातली आणि दांड्यापासून दोन हातांवर बसून राहिल्या. दुपारी कमलनं भाकरी आणून दिली, ती त्यांनी तिथंच खाल्ली. दिनकरराव कचेरीत जाऊन बसले. दार उघडं होतं आणि ते काही लिहीत नव्हते. कडूबाईला कुणी परत ये म्हटलं नव्हतं, पण ती सात नंबरच्या मागं उभी राहून नव्या बाईला डाव्या हातानं कापूस कसा सोडायचा ते दाखवत होती, आणि तिला जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

सहा वाजायला आले तशी सगळ्यांची नजर दांड्याकडे वळली. बन्सीधर येऊन उभा राहिला. त्यानं कचेरीच्या दाराकडे बघितलं. दिनकरराव दारात आले होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. कस्तुराबाईंचं जे सांगायचं ते सकाळीच सांगून झालं होतं, आता त्यांना लेकाचा हात बघायचा होता.

बन्सीधरनं दांडा ढकलला.

पट्टा रिकाम्या चाकावर गेला. रेचे एकेक करून मंद झाले आणि थांबले. इंजिन नुसतंच धुगधुगत राहिलं. बाया पुढं झाल्या, थांबलेल्या रुळांतून रुई बोटांनी ओढून काढू लागल्या, आणि ओढता ओढता आपसांत बोलू लागल्या, कारण आता एकमेकींचं ऐकू येत होतं. बाराही रेचे साफ झाले तेव्हा आश्रुबानं खिशातलं घड्याळ काढून बघितलं.

"किती येळ लागला?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"वीस मिन्टं, बाईसाहेब."

कस्तुराबाई पोत्यावरून उठल्या. गुडघे धरून आले होते. बाहेर अंगणात कमलनं पणती पेटवली होती आणि तिच्या उजेडात तो ताजा ठिपका दिसत होता. दिनकरराव फेटा काखेत धरून, खाली मान घालून फाटकाकडे निघाले होते.

"भावजी," कस्तुराबाईंनी हाक मारली. ते थांबले, पण वळले नाहीत.

"ऐकलंत का? वीस मिन्टं."